प्रयोगवही

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)





सूत्रसंचालकांनी माझी जी ओळख करून दिली ती ऐकून मीच मागे वळून पाहिलं, की हे कुणाबद्दल चाललंय. या शाळेत माझी ओळख 'तिसऱ्या बाकावरची, परीक्षा आली की तापाने फणफणणारी' एवढीच होती. अजूनही परीक्षा म्हटलं की मला कसंतरी होतं. फरक इतकाच, की आता मी परीक्षा घेते. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन शिकवते.

संयोजकांनी सांगितलं, "डॉक्टर, आरोग्यावर पंधरा मिनिटं बोला. शुगर, बीपी, गुडघे." आपल्या वयाला हे विषय शोभतात, हे मान्य. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे मी चहाच्या वेळी सांगेन. रांग लावा, केसपेपरचे पैसे घेणार नाही.

पण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एकाने एक प्रश्न टाकला होता. तो इथेच बसलाय. मी नाव घेणार नाही, त्यानेही हात वर करू नये. त्याने लिहिलं होतं, "वडिलांना मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. रोज वेगळं पोरगं यायचं आणि तेच तेच विचारायचं. एकाने सलाईनची सुई तीनदा टोचली. तू तिथलीच आहेस म्हणून विचारतो. खरं सांग, तिथे गरिबावर प्रयोग करतात ना?"

त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं, दुसऱ्याने लगेच सुप्रभात टाकलं. मीही उत्तर दिलं नाही. मोबाइलवर दोन ओळींत देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. आज ते देते.

आधी एक मान्य करते. तीनदा सुई टोचली, हे चुकलंच. माझ्या वॉर्डात मी सांगून ठेवलंय, की दोनदा जमलं नाही तर थांबायचं आणि अनुभवी माणसाला बोलवायचं. तिथे तसं झालं नाही, त्याबद्दल एक डॉक्टर म्हणून मी तुझी माफी मागते.

आता बाकीचं.

आपल्या लहानपणी पाथर्डी तालुक्यातून पेशंट न्यायचा म्हणजे आधी नगरचं सिव्हिल. तिथून चिठ्ठी मिळाली की पुण्याचं ससून, नाहीतर औरंगाबादची घाटी. 'घाटीला नेलं' म्हटलं की घरातल्या बायका रडायला लागायच्या. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९८४ साली, लोणीला. ज्या गावाजवळ पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच गावात रूरल मेडिकल कॉलेज आलं. आज ते अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. पुढे नगरजवळ विळद घाटातही कॉलेज झालं, ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे. म्हणजे आता आपल्याच जिल्ह्यात खेड्यातले पेशंट आणि शिकणारे डॉक्टर एकमेकांसमोर येतात. अहिल्यानगर म्हणा, नगर म्हणा, इथे बसलेल्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी अशा रुग्णालयात खाटेवर तरी झोपलाय किंवा खाटेखाली चटई टाकून तरी झोपलाय.

त्या खाटेशी कोण कोण येतं ते सांगते, म्हणजे 'रोज वेगळं पोरगं' कोण होतं ते कळेल. एमबीबीएसला साडेचार वर्षं, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना. त्यासाठी समोर एक देह असतो. तो कुणीतरी दान केलेला असतो किंवा बेवारस असतो. त्या माणसाने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही आणि त्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. अलीकडे मुलं पहिल्या दिवशी त्या देहासमोर उभी राहून शपथ घेतात, आमच्या वेळी ती पद्धत नव्हती. मग दुसऱ्या वर्षापासून मुलं वॉर्डात येतात. वहीत हिस्ट्री लिहितात: काय होतंय, कधीपासून, घरात कुणाला आहे. 'तेच तेच विचारणारं पोरगं' बहुतेक हेच.

इंटर्नशिपनंतर प्रवेशपरीक्षा देऊन ज्यांना एमडी किंवा एमएसला जागा मिळते ते निवासी डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट. तीन वर्षं. नावाप्रमाणे ते रुग्णालयातच राहतात. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला ओळखणं सोपं असतं. डोळे लाल, खिशात अर्धा बिस्किटपुडा, आणि उभ्या उभ्या झोपायची कला. त्याच्यावर दुसऱ्या वर्षाचा, त्यावर तिसऱ्या वर्षाचा, त्यावर सहायक प्राध्यापक, आणि सगळ्यात वर युनिटचे प्रमुख. पेशंट या प्रमुखांच्या नावावर दाखल होतो. रेसिडेंट एकटा निर्णय घेत नाही, घेऊ नये. रोज सकाळी राऊंडला ही सगळी उतरंड खाटेभोवती उभी राहते. प्रमुख विचारतात, "याला काय झालंय आणि तुला असं का वाटतं?" त्या 'का'ला उत्तर देता देता डॉक्टर घडतो.

यात पेशंटचा फायदा काय, असं तुम्ही म्हणाल. फायदा असा, की एका पेशंटकडे पाच जण पाहतात. कधीकधी साहेबांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या पोरीला सापडते, कारण तिने कंटाळा न करता तासभर बसून सगळं विचारलेलं असतं. धोका काय? धोका असा, की पाच जण आहेत म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने पाहिलंच असेल.

इथे मला आपल्या विज्ञानाच्या सरांकडे यावं लागेल. सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, आज पट्टी आणली नाही ना?

आठवतंय का तुम्हाला, नववीत सरांनी पाण्याचा उत्कलनांक काढायला लावला होता? एक स्टोव्ह, एक चंचुपात्र, शाळेत एकच थर्मामीटर आणि आपण सगळे. सर म्हणाले होते, बघा आणि प्रयोगवहीत लिहा. आपण सगळ्यांनी लिहिलं, १०० अंश सेल्सिअस. पुस्तकात तेच होतं. एकटीने लिहिलं ९८. आपण तिला हसलो. सरांनी वह्या तपासल्या तेव्हा सगळ्यांच्या १०० वर लाल रेघ आणि तिच्या वहीत पूर्ण गुण. मग सर म्हणाले, "शंभर अंशाला उकळतं ते समुद्रकाठचं पाणी. आपण उंचावर राहतो. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. पण ते राहू द्या. मला सांगा, थर्मामीटर काय म्हणाला होता?"

कुणीच बोललं नाही. कारण थर्मामीटरकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

मीही १०० लिहिणाऱ्यांपैकीच होते. आणि ती लाल रेघ पुरेशी खोल गेली नव्हती. ती कधी खोल गेली ते आता सांगते. कोणत्या रुग्णालयात हे घडलं ते सांगत नाही. चूक रुग्णालयाची नव्हती, माझी होती.

मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट होते. थंडीचे दिवस, म्हणजे कारखान्यांचा हंगाम. एका संध्याकाळी एक आजी दाखल झाल्या. मुलगा ऊसतोडीला होता, टोळी सोडून आईला घेऊन आला होता. ताप, खोकला, छातीत दुखणं. न्यूमोनिया होता, औषधं सुरू झाली. आजींनी मला विचारलं, "कुठली गं तू बाई?" मी म्हटलं, पाथर्डीकडची. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "मग काळजी नाही. आपलीच हाये."

त्या रात्री वॉर्डात चाळीसच्या वर पेशंट होते आणि खाली अपघात विभागातून बोलावणी चालूच होती. दर काही तासांनी प्रत्येक खाटेवरच्या तक्त्यात नाडी, रक्तदाब, ताप आणि मिनिटाला श्वास किती, हे भरायचं असतं. नाडी मी पाहत होते, रक्तदाब घेत होते. श्वास मोजायला मात्र घड्याळ लावून मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं. तेवढं मिनिट कुणी काढत नाही. जगभरच्या वॉर्डांतली ही जुनी खोड आहे. मोठ्या माणसाचा श्वास साधारण बारा ते वीस असतो, म्हणून सगळे न मोजताच १८ किंवा २० लिहून टाकतात. मीही लिहिलं. आजींच्या तक्त्यात रात्री दहाला २०, दोनला २०. दोन वाजता त्या जाग्या होत्या. मी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "बरंय गं, तू जेवलीस का?"

पहाटे पाचच्या सुमारास माझी सिनिअर फेरीला आली. आजींच्या खाटेशी ती थांबली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अडतीस आहे." तिने तक्ता पाहिला, पुढे काही बोलली नाही. आम्ही दोघींनी खाट ढकलत आजींना अतिदक्षता विभागात नेलं. व्हेंटिलेटर लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी आजी गेल्या.

दोन वाजता मी एक मिनिट उभी राहिले असते तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणू शकत नाही. वय होतं, आजार वाढलेला होता. पण त्यांना तीन तास मिळाले असते. ते तीन तास माझ्या '२०' या आकड्याखाली गेले.

मुलगा जाताना मला शोधत आला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही रात्रभर जागल्या, आम्ही बघितलं." मी त्याला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते ओझं अजून माझ्याकडेच आहे.

शिकवणाऱ्या रुग्णालयात एक बैठक असते, मॉर्टॅलिटी मीटिंग. दगावलेल्या पेशंटचे कागद सगळ्यांसमोर उघडतात आणि कुठे काय वेगळं करता आलं असतं हे शोधतात. आमच्या प्रमुखांनी तक्ता हातात घेतला. दहाला २०, दोनला २०, पाचला ३८. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "मोजले होते?" मी म्हटलं, "नाही सर." खोलीत तीसेक माणसं होती. मला त्या क्षणी तो स्टोव्ह, ते चंचुपात्र आणि आपल्या सरांचा प्रश्न आठवला: थर्मामीटर काय म्हणाला होता?

प्रमुखांनी शिक्षा अशी दिली, की महिनाभर माझ्या वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचा श्वास, दिवसातून दोनदा, पूर्ण मिनिटभर मोजायचा आणि वेगळ्या वहीत लिहायचा. पहिले चार दिवस अपमान वाटला. आठवड्याने कळायला लागलं, की मिनिटभर माणसाकडे नुसतं पाहत राहिलं तर किती काही दिसतं. नाकपुड्या हलतात. मानेचे स्नायू ओढले जातात. कुणी उशी उभी करून बसलेला असतो, कारण आडवं झालं की गुदमरतं, पण विचारलं तर 'बरं आहे' म्हणतो. आपली माणसं डॉक्टरला 'बरं आहे' असंच सांगतात. ती वही माझ्याकडे अजून आहे.

मित्रांनो, संशोधन हा शब्द मोठा वाटतो. परदेशी यंत्र, पांढरे उंदीर, इंग्रजी नियतकालिक. पण त्याचा पाया हाच आहे: जे दिसलं ते मोजायचं, आणि मोजलं तेच लिहायचं. महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं देते.

पहिलं गडचिरोलीचं. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांना दिसलं, की लहान मुलं न्यूमोनियाने दगावतात आणि डॉक्टर गावापासून फार लांब असतो. मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या सुईणींना इतके आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांनी मण्यांची एक चौकट तयार केली, सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. या कामाने गावांतले बालमृत्यू कमी झाल्याचा निबंध १९९० साली लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात आला, आणि १९९२ साली त्या मण्यांच्या साधनाबद्दल इंडियन जर्नल ऑफ पेडिअॅट्रिक्समध्ये छापून आलं. हे वाचलं तेव्हा मी मान खाली घातली. शाळेची पायरी न चढलेली सुईण वाळू संपेपर्यंत बाळाच्या छातीकडे पाहत बसते, आणि एमबीबीएस झालेली मी '२०' लिहून पुढे जाते.

दुसरं उदाहरण विंचवाचं. विंचू आपल्याला काही नवा नाही. सरपणात, गोवरीत, चपलेत. आपल्याकडे इंगळी चावली की मांत्रिकाकडे धाव घ्यायची, तो उतरवायचा. कोकणातला तांबडा विंचू मात्र माणूस मारायचा, मुलं तर पटकन जायची. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले. नागपूरला एमबीबीएस झालेले. विंचूदंशाने माणूस नेमका कशाने मरतो, हे तेव्हाच्या पुस्तकांत धड सापडत नव्हतं. ते रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसले आणि काय काय होतं ते लिहीत गेले. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब एकदम चढलेला. मग काही तासांनी धाप, फुफ्फुसांत पाणी, तोंडाला गुलाबी फेस. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करून ते पुन्हा त्याच भागात परतले. १९८२ साली त्यांची निरीक्षणं लॅन्सेटमध्ये आली. विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो, तर त्या सैल करणारं औषध द्यावं, या विचारातून त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरली. १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह तो अनुभवही लॅन्सेटमध्ये आला. आधी गंभीर दंशाच्या शंभरातले तीसच्या आसपास पेशंट दगावायचे. या गोळीनंतर ते प्रमाण एक आकड्यावर आलं.

या गोष्टीतली एक गंमत मला फार आवडते. पुढे हाफकिन संस्थेची विंचूदंशावरची लस मिळू लागली. तेव्हा बावस्कर दांपत्याने 'आमची गोळी आहेच की' असं म्हटलं नाही. सत्तर पेशंटांवर रीतसर तुलना केली: अर्ध्यांना नुसती गोळी, अर्ध्यांना गोळी आणि लस. लस जोडली की पेशंट लवकर बरा होतो, असं दिसलं. २०११ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. ज्या गोळीने आपल्याला नाव मिळालं तिच्याहून चांगलं काही आहे, हे त्यांनी स्वतःच मोजून, स्वतःच लिहिलं. आपल्या सरांनी त्या वहीला पूर्ण गुण दिले असते.

आणि आपल्या जिल्ह्याबद्दल बोलायचं तर जामखेड विसरून चालणार नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून शिकवलं. त्या बायका बाळंतपण सांभाळायला, जुलाब झालेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी पाजायला, कुष्ठरोग ओळखायला शिकल्या. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर आपल्या दुष्काळी तालुक्यात शिकायला यायला लागले. वैद्यकीय शिक्षण फक्त कॉलेजच्या इमारतीत होतं, हा समज जामखेडने मोडला.

आता तुझा प्रश्न. गरिबावर प्रयोग करतात का?

शिकणं आणि प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याने तुझ्या वडिलांना प्रश्न विचारले, नाडी पाहिली, ते शिकणं. उपचार ठरलेलाच होता, तो वरिष्ठांनी ठरवला होता. यातही पेशंटला 'नको' म्हणता येतं. "बाळा, आज दमलोय, उद्या ये" एवढं म्हटलं तरी पुरे. त्याने उपचारात काडीचा फरक पडत नाही, पडता कामा नये.

संशोधन म्हणजे दुसरी गोष्ट. नवं औषध किंवा नवी पद्धत तपासायची असेल तर आधी आचारसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. त्या समितीत फक्त डॉक्टर चालत नाहीत. कायद्याचा जाणकार लागतो, आणि डॉक्टरकीशी संबंध नसलेला एक सामान्य माणूसही लागतो. औषधाच्या चाचणीची नोंद सगळ्यांना पाहता येईल अशा राष्ट्रीय नोंदवहीत आधी करावी लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंटला समजेल अशा भाषेत, आपल्याकडे मराठीत, लेखी माहिती द्यावी लागते. काय करणार, त्रास काय होऊ शकतो, इजा झाली तर जबाबदारी कुणाची. मग सही. लिहिता येत नसेल तर अंगठा, आणि तोही रुग्णालयाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर. सही केल्यावरही पेशंट कधीही बाहेर पडू शकतो, कारण सांगायचीही गरज नाही.

हे सगळे नियम आकाशातून पडलेले नाहीत. जगात आणि आपल्या देशातही गरिबांना, अडाण्यांना न सांगता त्यांच्यावर चाचण्या झालेल्या आहेत. म्हणून तुझा संशय मी झटकून टाकत नाही. तो संशय होता म्हणून नियम झाले. पण नियम कागदावर असतो. खाटेशी उभा असलेला माणूस खरं लिहितो की नाही, हे कोणत्याही समितीला रात्री दोन वाजता दिसत नाही. तिथे त्याची शाळाच कामाला येते.

म्हणून तुम्हा सगळ्यांना तीन विनंत्या करते.

एक. दवाखान्यात जाताना जुने कागद, जुन्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आणि 'बरं आहे' म्हणू नका. रात्री उशी उभी करून बसावं लागतं का, जिना चढताना धाप लागते का, ते सांगा. विंचू-साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखान्यात न्या.

दोन. कुठेही सही किंवा अंगठा द्यायच्या आधी विचारा, "हा उपचार आहे की संशोधन? नाही म्हटलं तर माझ्या उपचारात फरक पडेल का?" विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर त्याच्या वरिष्ठांना विचारा.

तीन. आपल्यापैकी अनेकांची मुलं नीटची तयारी करताहेत. कोटा, लातूर, पुणे. मार्क किती पडले हे आपण रोज विचारतो. कधीतरी असंही विचारा, की आज प्रयोगशाळेत काय दिसलं? आणि पोरगं म्हणालं, "पुस्तकातलं उत्तर आलं नाही", तर त्याच्यावर ओरडू नका. ते पोरगं कदाचित खरं सांगत असेल.

जाता जाता एक गोष्ट. ज्या मुलीने त्या दिवशी ९८ लिहिलं होतं, ती आज मागच्या रांगेत बसलीय. ती आपल्याच तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मघाशी जेवताना मी तिला विचारलं, "अजून मोजतेस का गं?" ती म्हणाली, "दर महिन्याला. पोराचं वजन कमी भरलं की वरून विचारणा होते. लिहायला सोपं आहे गं, अर्धा किलो इकडे-तिकडे. पण मग त्या पोराला खाऊ कोण देणार?" मी लॅन्सेटचं कौतुक करून आले, आणि तीच गोष्ट ती तिच्या वजनकाट्याशी उभी राहून दर महिन्याला करते. तिच्यासाठी टाळ्या वाजवा. जोरात वाजवा, त्या दिवशी आपण हसलो होतो.

आणि सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. दरवर्षी पहिल्या वर्षाचे नवे रेसिडेंट आले की पहिल्या दिवशी मी त्यांना वॉर्डात नेते, एका खाटेशी उभं करते आणि म्हणते, घड्याळ काढा, एक मिनिट मोजा, आपापल्या वहीत लिहा, शेजारच्याचं पाहू नका. मग वह्या गोळा करते. ज्यांनी न मोजता २० लिहिलेलं असतं, त्यांच्या आकड्यावर लाल रेघ मारते. तुमची ती रेघ मी परवानगी न घेता वापरतेय. आज मागते.

गुडघ्यांची रांग चहाच्या टेबलापाशी लागेल.